गणपतीआधी गावचं बंद घर उघडताना: ओल, बुरशी आणि साठलेलं सामान

गावच्या घराची किल्ली ज्यांच्या हाती पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सासूसासरे, आईवडील, काकाकाकू होते तोवर घर बारा महिने नांदतं होतं. आता ते जूनपासून बंद असतं आणि गणपतीच्या तोंडावर आपण मुंबई-पुण्याहून जाऊन कुलूप काढतो. आत भिंतींवर काळे-हिरवे ठिपके, कपाटात पांढरी बुरशी, गाद्यांना कुबट वास आणि माळाभर तीन पिढ्यांचं सामान. सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही.

आमचं घर राजापूर तालुक्यातलं, जांभ्या चिऱ्याचं आणि मंगलोरी कौलांचं. ते दरवर्षी उघडताना-आवरताना जे पक्कं कळलं, ते क्रमाने सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. बुरशी नुसती पुसून जात नाही. ओल आणि अडगळ तशीच राहिली, तर पंधरा दिवसांत ती त्याच जागी परत दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणातल्या हवेतला दमटपणा दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांवर असतो. बुरशीला सत्तरच्या वरचा दमटपणा टिकून राहिला की पुरतं, आणि ओलं झालेलं कापड किंवा कागद २४ ते ४८ तासांत वाळलं नाही तर ती धरू लागते. बाहेरची हवा बदलणं आपल्या हातात नाही. वस्तूंभोवती वारा खेळता ठेवणं हातात आहे, आणि भरगच्च कपाटात, गच्च माळ्यावर वारा खेळत नाही. म्हणून आधी सामान कमी करा आणि मग फडकं हातात घ्या.

"आजीच्या वेळी कुठे होती एवढी बुरशी?" असं घरात कोणीतरी म्हणतंच. तेव्हा रोज चूल पेटायची. तिच्या धगीने आणि धुराने माळा, वासे, माळ्यावरचं सगळं सुकं राहायचं. दारं दिवसभर उघडी असायची, अंथरुणं रोज उलगडली जायची. बंद घरात यातलं काहीच घडत नाही.

बरोबर काय न्यायचं

गावातल्या दुकानात सगळं मिळेलच असं नाही, त्यामुळे हे घेऊन जा:

- एन-९५ मास्क, माणशी दोन-तीन. साध्या रुमालाने बुरशीची धूळ अडत नाही.
- रबरी हातमोजे, बंद चष्मा, गमबूट, चांगली बॅटरी
- जाड काळ्या पिशव्या, चिकटपट्टी, जाड मार्कर
- धुण्याची पावडर, जुने सुती कपडे, दोन वेगळ्या बादल्या, प्लास्टिकचा ब्रश
- सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे साधं ब्लीच
- दमटपणा मोजायचं छोटं यंत्र, हायग्रोमीटर. काही शे रुपयांत मिळतं आणि पुढचे सगळे निर्णय सोपे करतं.
- टेबल फॅन, एक्स्टेन्शन बोर्ड, सुतळी किंवा नायलॉनची दोरी
- सिलिका जेल, घट्ट झाकणाचे डबे, कोरे पांढरे कागद
- कागदांपैकी: विजेचं बिल (ग्राहक क्रमांक लागतो), घरपट्टीची शेवटची पावती, स्वतःचं ओळखपत्र

घरात कोणाला दमा असेल, लहान बाळ असेल, किंवा कोणाचे केमोसारखे उपचार चालू असतील, तर त्यांनी पहिले दोन-तीन दिवस येऊच नये. त्यांना गणपतीच्या आदल्या दिवशी बोलवा.

१. निघायच्या आधी भावकीशी बोला

घर एकाच्या नावावर असलं तरी माळ्यावरचं सामान सगळ्यांचं असतं. मोठ्या काकूंचा पेटारा, आत्याच्या लग्नातली समई, धाकट्या दिरांच्या शाळेच्या वह्या. यातलं काही न विचारता टाकलंत, तर ते पुढच्या दहा गणपतींना ऐकावं लागेल.

व्हॉट्सअॅपवरच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आधी लिहा: "अमुक तारखेपासून घर आवरतो आहोत. कोणाला काय हवंय ते कळवा. खराब झालेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो टाकू. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर टाकून देऊ." जी ज्येष्ठ मंडळी फोन बघत नाहीत, त्यांना स्वतः फोन करा. काकू, आत्या, मावशी यांच्याशी बोलताना "टाकणार आहे" या शब्दाने सुरुवात करू नका. "खराब होतंय, वाचवायचं आहे, काय काय वाचवू?" असं विचारा. खरोखर तेच तर करायचं आहे.

आणि जायचं ते किमान आठवडाभर आधी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचून फक्त दडवादडवी होते.

२. दार उघडल्यावरचा पहिला तास

कशालाही हात लावू नका. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि अर्धा तास वारा जाऊ द्या.

मग वीज. मीटरजवळची किंवा स्विचबोर्डमागची भिंत ओली असेल, तर मेन स्विच चालू करू नका. वायरमनला बोलवा. मीटरपर्यंत वीजच नसेल तर महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. घरात आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवलेली असेल तर तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का ते बघा. नसेल तर या खेपेला बसवून घ्या. ओल्या भिंतींच्या घरात यापेक्षा महत्त्वाचा खर्च नाही.

त्यानंतर जिवाणू, म्हणजे साप-विंचू. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं भरपूर. ते लहान असतं, मातकट रंगाचं असतं आणि रचलेल्या वस्तूंच्या फटीत सहज मावतं. गाठोडं, लाकडांचा ढीग, उलटी ठेवलेली टोपली आधी काठीने हलवा, मगच हात घाला. लाल विंचूही इथलाच. त्याच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि त्यामुळे कोकणात असंख्य जीव वाचले. पण तो उपचार लवकर मिळावा लागतो. साप असो वा विंचू, मंत्र-पाल्यात वेळ न घालवता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडूने झाडू नका. ब्लीचच्या पाण्याने भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग मोजे घालून पुसा. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, आणि पावसात तळपायाला भेगा-जखमा असतातच.

३. ओल येते कुठून ते ठरवा

*वरून.* माळ्यावर चढून बॅटरीने वासे आणि कौलांची खालची बाजू बघा. पाण्याचा ओघळ वाशावरून खाली येतो, त्यामुळे डाग जिथे दिसतो त्याच्या बरंच वर कौल सरकलेलं असतं. पन्हळीत पाला अडकला असेल तर पाणी भिंतीत उलटतं. पावसात स्वतः कौलांवर चढू नका. शेवाळलेली कौलं निसटतात आणि फुटतात. गावातल्या शाकारणी करणाऱ्याला उघडीप मिळताच बोलवा, तोवर आतून ताडपत्री बांधा.

*खालून.* जमिनीपासून कमरेपर्यंत सलग ओला पट्टा, रंगाचे पोपडे आणि वर पांढरा क्षार, अशी याची ओळख. जांभा सच्छिद्र असतो, तो जमिनीतलं पाणी ओढून घेतो. ऑगस्टमध्ये याच्यावर इलाज नाही. एक काम मात्र आजच करता येतं: बाहेरून जोत्यावर चढलेली माती खरवडून काढा, भिंतीला टेकून रचलेली जळाऊ लाकडं लांब हलवा, आणि पागोळ्यांचं पाणी वाहून जाईल असा चर काढा.

*घरातलीच.* न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि घरात वाळत घातलेले कपडे. एका वॉशिंग मशीनभर पिळलेल्या कपड्यांत दीड-दोन लिटर पाणी सहज असतं, आणि ते सगळं घराच्या हवेत जातं.

शंका असेल तर दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी कडांनी घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूने पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते. खोलीच्या बाजूने जमलं तर ती हवेतली आहे.

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. ठिपके दिसले की लोक घाईने ऑइलपेंट किंवा वॉटरप्रूफ पेंटचा हात मारून घेतात. ओल्या चिऱ्यावर तो टिकत नाही. आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं आणि पुढच्या पावसाळ्यात फुगे धरून सगळा पापुद्रा सुटतो. जुन्या घरांना चुना देत ते उगाच नाही. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि तो इतका तीव्र अल्कली असतो की ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. पण तोही भिंत सुकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर द्यायचा.

४. एक खोली कोरडी करा

ही पायरी वगळू नका. सगळं घर एकदम आवरायला काढलंत, तर ओली वस्तू कोरडीशेजारी जाते आणि संध्याकाळी कुठे काय ते कळेनासं होतं.

जिची एकही भिंत बाहेरच्या पावसाला लागत नाही अशी खोली निवडा. बहुतेक घरांत ते माजघर असतं. ती आधी पूर्ण रिकामी करा, जमीन आणि भिंती पुसा, दोऱ्या बांधा, पंखा लावा. बाहेर पाऊस कोसळत असताना तिची खिडकी बंद. उघडीप पडून ऊन आलं की समोरासमोरची दारं-खिडक्या सताड उघडी. "हवा खेळू दे" म्हणून भर झडीत खिडक्या उघड्या ठेवल्या, तर ९५ टक्के दमट हवाच घरात येते आणि गाद्या-कपडे तिच्यातलं पाणी पितात. हायग्रोमीटर याच खोलीत ठेवा. आकडा ६५ च्या खाली आला तरच डबे-पेट्या भरायच्या. ऑगस्टमध्ये तो क्वचितच येईल, हे मनाशी धरून चाला.

डीह्युमिडिफायर न्यावा का? खोलीला स्लॅब किंवा लाकडी तक्तपोशी असेल, दारं घट्ट लागत असतील, तर त्याचा उपयोग होतो. दिवसाला काही लिटर पाणी तो खेचतो. उघड्या कौलाखाली तो लावणं म्हणजे आभाळ वाळवायला घेण्यासारखं आहे.

या खोलीचा नियम एकच: पुसल्याशिवाय कोणतीही वस्तू आत येणार नाही.

५. सामानाची निवड

पडवीत चार जागा करा आणि मार्करने लिहून ठेवा: ठेवायचं, विचारायचं, ऑक्टोबर, टाकायचं.

"ऑक्टोबर" हा ढीग ऐकायला आळशीपणाचा वाटेल, पण तोच सगळ्यात कामाचा आहे. पावसात जाड वस्तू वाळतच नाही. गोधडी चार दिवस दोरीवर राहिली तरी आतून दमटच असते. तिची घडी घालून पेटीत टाकलीत तर दिवाळीला काळी पडलेली निघते. अशा वस्तू बंद न करता उंचावर, हवेशीर, सुट्या ठेवा आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात निर्णय घ्या. तेव्हा कोणी एकजण चार दिवस येणार आहे, हे आत्ताच ठरवून टाका.

निवड करताना वस्तू किती जुनी, किती आवडती हे नंतर बघा. आधी ती कशाची आहे ते बघा.

*गाद्या, उशा, सोफ्याचा फोम.* बुरशी लागली असेल तर टाका. ती कापसाच्या आत गेलेली असते आणि धुता येत नाही. ऊन दाखवलं तर वरचा थर सुकतो, वास दोन दिवस जातो, आणि पाहुणे झोपले की परत येतो. पिंजाऱ्याकडे नेऊन पिंजून घ्यावी असं वाटेल, पण बुरशी लागलेला कापूस पिंजला की ती धूळ पिंजणाऱ्याच्या छातीत जाते.

*पुठ्ठ्याची खोकी आणि रद्दी.* ही सगळ्यात आधी घराबाहेर काढा. पुठ्ठा हवेतली ओल शोषतो, कसर आणि वाळवीला अन्न पुरवतो, आणि आत ठेवलेल्या काचेच्या बरण्यांनाही वास लावतो.

*पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफचं फर्निचर.* कडा फुगल्या, पत्रा सुटला, की ते परत बसत नाही. कोकणात हे घेऊच नका. प्लायवुड घ्यायचंच असेल तर आयएस ७१० शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या.

*साग, फणस, शिसवी.* हे बहुतेक वाचतं. लाकडावरची बुरशी वरवरची असते. साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्याने टिपा, आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. थेट उन्हात ते तडकतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात सहज रुतलं, किंवा मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली, तर ती वाळवी. तिची व्यवस्था वेगळी, आणि ती वस्तू घरात आणूच नका.

*पितळ, तांबं, लोखंड.* पितळेवरचा हिरवा थर बुरशीचा नसतो. चिंचेने किंवा जुन्या आमसुलांनी घासा, लख्ख निघतं. स्वयंपाकात वापरायची असतील तर आधी कल्हई. हंडे, कळशा, घंगाळं टिकतील म्हणून सगळी ठेवायची असं मात्र नाही. सहा हंड्यांपैकी पाच भावंडांत वाटा, वापरात राहतील.

*सुती कपडे, चादरी.* गरम पाण्यात धुऊन उन्हात. काळे ठिपके राहिले तरी कापड वापरता येतं, वास राहिला तर पायपुसणी करा.

*पैठण्या, रेशमी साड्या, शालू.* इथे घाई करू नका. आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वरची साडी नेहमी धडधाकट दिसते. तिच्याखालच्या साडीच्या घडीवर बोट फिरवलं की पिठासारखी पांढरी धूळ लागते. आणि सगळ्यात तळाला घातलेला जुना पेपर उचलायला गेलं की तो ट्रंकेला चिकटून फाटतो आणि शाईची उलटी अक्षरं खालच्या साडीच्या काठावर उमटलेली दिसतात. म्हणून ट्रंक तळापर्यंत रिकामी केल्याशिवाय "ठीक आहे" म्हणू नका. रेशीम पूर्ण सुकू द्या, मग घराबाहेर मऊ ब्रशने झटका आणि ड्रायक्लीनला द्या. बुरशीच्या डागावर इस्त्री फिरवली तर डाग कायमचा बसतो. ठेवताना मलमलीत गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते आणि जरही काळवंडते.

*गोधड्या.* सगळ्यात अवघड. सासूबाईंच्या हातची एक गोधडी आमच्याकडे वाचण्यापलीकडे गेली होती. तिच्यातले दोन धड चौकोन कापून, धुऊन, वाळवून उशीच्या अभ्ऱ्याला लावले. आठवण ठेवायला अख्खी वस्तूच ठेवावी लागते असं नाही.

*खाण्याच्या वस्तू.* दाणे, सुकं खोबरं, लाल मिरच्या, पीठ, कडधान्य यांपैकी कशावरही बुरशी दिसली तर सगळं टाका. वरचं खरवडून, उन्हात घालून किंवा भाजून चालत नाही. दाण्यांवर आणि खोबऱ्यावर येणाऱ्या काही बुरशींतून अॅफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि घरच्या शिजवण्या-भाजण्याने पुरतं नष्ट होत नाही. गाईम्हशींनाही घालू नका, दुधात उतरतं.

६. कागद: इथे वेळ द्या

भिजलेली गादी गेली तर दुसरी येते. कागदाचं तसं नाही. म्हणून रद्दी म्हणून एकही गठ्ठा न उलगडता देऊ नका. वेगळे काढायचे कागद असे:

- खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र
- सातबारा, आठ-अ, फेरफाराचे उतारे, कुळकायद्याचे कागद
- घरपट्टीच्या जुन्या पावत्या, ग्रामपंचायतीचा नमुना ८
- आजोबा-पणजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी
- बँक-पोस्टाची जुनी पासबुकं, शेअर सर्टिफिकेटं, विमा पॉलिसी
- मोडी लिपीतला कोणताही कागद

शाळेचे जुने दाखले "आता कशाला लागतात" म्हणून फेकले जातात. जात पडताळणीला इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, आणि तो बऱ्याचदा असल्याच दाखल्यावर सापडतो. मोडी वाचता येत नाही म्हणून मोडी कागद निरुपयोगी ठरत नाही. त्यात जमिनीचे हक्क, देणीघेणी, कुळांची नावं असतात. आधी वाचून घ्या. पोथ्या किंवा दस्तांचा मोठा जुडगा निघाला आणि घरात कोणी सांभाळणारं नसेल, तर पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे (स्थापना १९१०) किंवा भांडारकर संस्थेकडे (१९१७) विचारणा करा.

कागद हाताळण्याची रीत:

आधी फोटो. जसा आहे तसा, उजेडात, दोन्ही बाजूंनी. वाळवताना फाटला तरी मजकूर राहतो.

चिकटलेली पानं ओढू नका. गठ्ठा सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर उभा ठेवा आणि मध्येमध्ये कोरे कागद सरकवा, दर काही तासांनी बदला. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. कडक उन्हात ठेवला तर कागद वाकडा होतो, शाई उडते. फार भिजलेलं असेल आणि वेळ नसेल, तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशीची वाढ थांबते आणि आपल्याला सवड मिळते. जुने दस्त सांभाळणारे तज्ज्ञही हेच करतात.

सुकल्यावर मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने एका दिशेने झाडा. ओल्या कागदावर ब्रश चालवला तर बुरशी आणखी आत घासली जाते. पोथ्यांची लाल बासनं सोडवून वेगळी धुवा.

लॅमिनेशन करू नका. आतली ओल कायमची अडकते, आणि मूळ दस्त लॅमिनेट केलेला असेल तर पुढे कुठे दाखवताना अडचण येते.

सातबारा, आठ-अ डिजिटल सहीचे महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकांकडून मिळते. त्यासाठी दस्ताचा क्रमांक आणि साल लागतं. म्हणून कागद पूर्ण गेलेला असला तरी वरचा शिक्का आणि क्रमांक वाचता येतोय का ते आधी बघा.

डब्यात पैसे ठेवलेले असतील आणि चलनात असलेल्या नोटा डागाळल्या-फाटल्या असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्या कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळतात. दलालाला कमी भावात देऊ नका.

७. बुरशी पुसणं

आता वेळ आली. क्रम असा: खिडकी उघडी, पंखा बंद, मास्क-मोजे-चष्मा चढवलेला. पंखा चालू असला की बीजाणू घरभर उडतात. कोरडा झाडू किंवा साधा व्हॅक्युम क्लीनरही हेच करतो.

भिंत, फरशी, कडप्पा, पत्रा आधी साबणाच्या पाण्याने पुसा. एका बादलीत साबण, दुसरीत खळबळायला साधं पाणी. बहुतेक काम इथेच होतं. फरशी, टाइल, धातू, काच अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावर डाग राहिले, तरच ब्लीच: एक लिटर पाण्यात साधारण ६० मिली. दहा मिनिटं ठेवून पुसून घ्या. धातूवर जास्त वेळ ठेवलं तर गंजतो. लाकूड, कापड, चिरा यांवर ब्लीच वापरून उपयोग नाही, वरचा रंग उडतो आणि आतली बुरशी तशीच राहते.

ब्लीच कशातही मिसळू नका. संडास साफ करायचं अॅसिड, व्हिनेगर, अमोनिया असलेला काचेचा क्लीनर यांतल्या कशाशीही नाही. विषारी वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. मदतीला येणाऱ्या मावशींनाही हे स्वतः नीट सांगा. "जोरात निघावं" म्हणून दोन्ही बाटल्या एकत्र ओतायची पद्धत सर्रास आहे.

८. टाकायचं कुठे

बुरशीच्या वस्तू जागीच पिशवीत बांधा, मग घरातून न्या. बांधल्याशिवाय माजघरातून नेलं तर सगळी मेहनत फुकट. गाद्या आणि फोम जाळू नका, धूर विषारी असतो. ग्रामपंचायतीची घंटागाडी येत असेल तर विचारा, नाहीतर जवळच्या नगरपरिषदेच्या गावी टेम्पोने पाठवा. भंगारवाल्याला धातू, रद्दीवाल्याला फक्त कोरडा कागद. बोहारणीला किंवा गरजूंना कपडे देताना धुतलेलेच द्या. जे आपल्या मुलांच्या अंगावर घालणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलांनाही देऊ नका.

९. पुढच्या पावसाळ्यासाठी घर बंद करताना

पेट्या भरायचा खरा महिना डिसेंबर किंवा जानेवारी, तोही दुपारी. मे महिन्यातली हवा कोरडी वाटते, पण किनाऱ्याजवळ ती दमट होऊन गेलेली असते. मेमध्ये हवाबंद केलेल्या डब्यात आपण दमट हवाच कोंडतो.

कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि दोनतृतीयांशच भरा. ट्रंका जमिनीवर नकोत, आणि चिऱ्याच्या तुकड्यांवरही नकोत, कारण चिरा ओल वर चढवतो. घडवंची किंवा प्लास्टिकचे पाय वापरा. कागदांच्या आणि रेशमाच्या डब्यांत सिलिका जेल घाला. रंग बदलणारं नारिंगी घ्या म्हणजे संपलं ते कळतं, आणि ते तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरता येतं. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे बंद कपाटात चालतात. त्यात पाणी साठतं, तो डबा कपड्यांच्या वर ठेवू नका.

डांबराच्या गोळ्या, कापूर, वेखंड, कडुनिंबाचा पाला यांनी कीड लांब राहते, बुरशी राहत नाही. डांबराच्या गोळ्यांतले कपडे तान्ह्या बाळाला न धुता, न हवा दाखवता घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांना नॅफ्थलीनने गंभीर त्रास होतो.

एक किल्ली शेजारी द्या. जून ते ऑगस्ट दर पंधरा दिवसांनी, उघडीप असलेल्या दिवशी, कोणीतरी दोन-तीन तास सगळी दारं उघडावीत, कपाटांचे दरवाजे मोकळे करावेत, पन्हळीतला पाला काढावा, आणि माळ्याचा एक व्हिडिओ पाठवावा. याचे रीतसर पैसे द्या, नुसत्या ओळखीवर सोडू नका. आमच्याकडे दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तारीख, कोण आलं, ओल कुठे दिसली, एवढेच रकाने आहेत. शाकारणीवाला आला की आम्ही आधी तो कागद त्याच्या हातात देतो.